इंजिन जाम झाले आणि कंपनी म्हणते चूक मालकाची: रिकॉलची मागणी कशी उभी करावी

कुडाळहून एका वाहनमालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची साडेपाच वर्षांची पेट्रोल एसयूव्ही ६१ हजार किलोमीटर झालेली असताना आंबोली घाट चढताना बंद पडली. आधी ऑइलचा लाल दिवा वळणावर लुकलुकला, मग खालून खडखड सुरू झाली आणि दोन वळणांनंतर इंजिन जाम झाले. सर्व्हिस सेंटरने 'ऑइल कमी' असा शेरा मारून साडेतीन लाखांचे एस्टिमेट हातात ठेवले. वॉरंटी संपलेली आहे. चौकशी केल्यावर कणकवली, मालवण आणि राजापूर भागातल्या आणखी चार मालकांची याच मॉडेलची इंजिने अशीच गेल्याचे कळले. आता इंजिन उघडू द्यावे का, आणि कंपनीला रिकॉल करायला, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावून दोष दूर करायला, भाग पाडता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत काम करताना उघडलेली इंजिने पाहणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग राहिला आहे. त्या अनुभवावरून दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. आपण हजर नसताना आणि लेखी नोंद झाल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नका. आणि साडेतीन लाखांचा वाद व रिकॉलची मागणी ही दोन प्रकरणे मनात वेगळी ठेवा, कारण एकाचा अर्ज दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. दोन्हींना लागणारा पुरावा मात्र एकच आहे आणि तो सध्या सर्व्हिस सेंटरच्या शेडमध्ये, न उघडलेल्या अवस्थेत पडून आहे.

बहुतेक मालकांचा घोळ इथेच होतो, म्हणून कायद्यापासून सुरुवात करतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यापूर्वीही आपल्याकडे रिकॉल होत असत, पण ते 'सियाम' या उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये आणलेल्या ऐच्छिक संहितेप्रमाणे, म्हणजे कंपनीच्या मर्जीने. आता केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. मात्र त्यासाठी दोष असा असला पाहिजे की ज्यामुळे पर्यावरणाला, गाडीतल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय होऊ शकेल. इंजिन महाग आहे, ते अकाली गेले, कंपनीने हात वर केले, या गोष्टी कितीही खऱ्या असल्या तरी या कलमाच्या चौकटीत त्या बसत नाहीत. तिथे विचारला जाणारा प्रश्न एवढाच असतो की, या दोषामुळे कोणाच्या जिवाला धोका होता का, किंवा धूर आणि प्रदूषण वाढले का.

म्हणून तक्रारीची भाषा बदलावी लागते. माझ्यापर्यंत येणारे बहुतेक मसुदे 'माझी साडेतीन लाखांची फसवणूक झाली' या वाक्याने सुरू होतात आणि घाटात काय घडले ते तिसऱ्या पानावर एका ओळीत उरकतात. क्रम उलटा हवा. गाडी कोणत्या घाटात, कितव्या गिअरमध्ये, साधारण किती वेगाने चालली होती. दिवा लागल्यापासून इंजिन थांबेपर्यंत किती वेळ मिळाला. स्टिअरिंग जड झाले का. ब्रेकचा पेडल दगडासारखा कडक झाला का. मागून एसटी किंवा डंपर येत होता का. बाजूला घ्यायला जागा होती का. पाऊस वा धुके होते का, हे सगळे पहिल्या पानावर आले पाहिजे. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकच्या बूस्टरमधल्या निर्वातावर एक-दोन वेळाच नीट ब्रेक लागतो, त्यानंतर पायाचा सगळा जोर लावावा लागतो. मॅन्युअल गाडीत चालत्या गिअरमध्ये इंजिन जाम झाले आणि चालकाने तत्काळ क्लच दाबला नाही, तर चाके अडकून गाडी घसरू शकते. आंबोलीच्या ओल्या वळणावर याचा अर्थ काय होतो, हे दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्यालाही कळावे इतके स्पष्ट लिहा. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पडले असेल, तर गरम ऑइल एक्झॉस्टवर पडून आग लागण्याचा धोकाही त्यात येतो. इंजिन जाण्यापूर्वी ते ऑइल जाळत असेल, निळसर धूर येत असेल किंवा पीयूसीत अडचण आली असेल, तर तो पर्यावरणाचा मुद्दा होतो आणि त्याचाही स्वतंत्र उल्लेख करावा.

तक्रार नोंदवण्याची सोय परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' या संकेतस्थळावर आहे आणि ती मालकाने आपल्या गाडीच्या नोंदणी क्रमांकानिशी करायची असते. इथे कोकणात हमखास येणारी अडचण म्हणजे मुंबईहून घेतलेली जुनी गाडी, जिचे आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असते. आपल्या चार सहकाऱ्यांपैकी कोणाचे तसे असेल, तर नाव आधी बदलून घ्या. किती मालकांच्या तक्रारी आल्यावर सरकारने चौकशी हाती घ्यायची, हे वाहनाचा प्रकार आणि त्या मॉडेलची वार्षिक विक्री यांवर ठरते, म्हणून भरपूर खपणाऱ्या गाडीच्या बाबतीत पाच जणांच्या तक्रारीने तो आकडा गाठला जाणार नाही. पण कायद्याने तेवढा एकच दरवाजा ठेवलेला नाही. एखाद्या चाचणी संस्थेने किंवा 'इतर कोणत्याही स्रोताने' दोष कळवला तरी तो विचारात घेता येतो. पाच सुबक, पुराव्यासह केलेल्या तक्रारींचे वजन तिथे पडते.

दोन गोष्टी वेळेच्या आहेत. हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत, आणि आपली गाडी साडेपाच वर्षांची आहे. 'आधी कंपनीशी बोलून बघू' म्हणत वर्ष घालवणे परवडणारे नाही. दुसरे असे की कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला तर तिला दंड होत नाही, आणि सरकारने आदेश देऊन करायला लावला तर तो १० लाखांपासून १ कोटीपर्यंत जाऊ शकतो. मोठ्या कंपनीला १ कोटी म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे, हे मान्य. परंतु सक्तीच्या रिकॉलचा शिक्का तिला नको असतो. त्यामुळे सरकारकडे केलेल्या प्रत्येक तक्रारीची प्रत कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पोचपावतीसह गेलीच पाहिजे. डीलरला दिलेली प्रत पुष्कळदा डीलरच्याच फाइलमध्ये राहते.

परदेशातली दोन-तीन उदाहरणे पाहिली म्हणजे आकडा आणि पुरावा यांचे नाते लक्षात येते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही-८ इंजिनांबाबत तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने जानेवारी २०२५ मध्ये ८,७७,७१० गाड्यांची प्राथमिक चौकशी सुरू केली, तेव्हा तिच्यासमोर मालकांच्या तक्रारी होत्या अवघ्या ३९, आणि त्यांच्या जोडीला कंपनीनेच नियमाप्रमाणे पाठवलेले काही अहवाल. एप्रिलमध्ये कंपनीने तिथल्या सुमारे ५ लाख ९७ हजार गाड्या बोलावल्या. दोष क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या बनावटीतला होता. तपासणीत जी इंजिने ठीक निघाली त्यांना ०डब्ल्यू-२० ऐवजी अधिक दाट असे ०डब्ल्यू-४० ऑइल द्यायचे ठरले. मालकांनी चुकीचे ऑइल वापरले असे एरवी ऐकवले जाते, आणि इथे कंपनीनेच ऑइलची श्रेणी बदलली.

ह्युंदाईच्या 'थीटा-२' इंजिनांचे प्रकरण याहून लांबलेले आहे. क्रँकशाफ्टमध्ये ऑइलची छिद्रे पाडताना राहिलेला धातूचा चुरा ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जाऊन ती खराब होत, या कारणाने सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा बोलावण्यात आल्या. २०१७ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्या त्यात आल्या. पहिला रिकॉल एका गाडीच्या दोन वर्षांच्या उत्पादनापुरता का मर्यादित ठेवला, हा प्रश्न पुढे कंपनीतल्याच एका अभियंत्याने यंत्रणेपुढे नेला. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी रिकॉल वेळेवर न केल्याबद्दल मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाची तडजोड केली आणि त्या अभियंत्याला वर्षभराने २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले. आपल्याशी थेट नाते सांगणारे उदाहरण फोर्ड इकोस्पोर्टचे. अमेरिकेत विकली जाणारी ही गाडी चेन्नईत बनत असे. तिच्या एक लिटरच्या टर्बो इंजिनात ऑइल पंप चालवणाऱ्या पट्ट्याचा टेन्शनर निकामी होऊन ऑइलचा दाब जातो, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये तिथे फोकस धरून सुमारे १ लाख ३९ हजार गाड्या बोलावल्या गेल्या. इंजिन जाणे हा तिथे सुरक्षेचा दोष ठरला तो इंजिनाच्या किमतीमुळे नव्हे, तर धावत्या गाडीची शक्ती अचानक जाते आणि ब्रेकला मिळणारी मदतही थांबते म्हणून.

आता इंजिनाकडे येतो.

'ऑइल कमी होते' हा निष्कर्ष डिपस्टिक पाहून काढता येत नाही. ब्लॉकला भोक पडले असेल किंवा टोइंग करताना चेंबर (इंजिनाच्या तळाचे ऑइल साठण्याचे भांडे) आपटला असेल, तर ऑइल बिघाडानंतर गेलेले असू शकते. शिवाय काही कंपन्यांच्या पुस्तिकेतच हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर ऑइल खर्च होणे 'सामान्य' मानलेले असते; अशी गाडी दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसला बोलावणारी कंपनी मधल्या काळात ऑइल संपले तर दोष मालकाला कसा देते, हा प्रश्न मी लेखी विचारायला सांगतो आणि त्याचे सरळ उत्तर आलेले मला अजून दिसलेले नाही. दिवा वळणावर लुकलुकला हे आपण लिहिले आहे, ते महत्त्वाचे आहे. तो दिवा ऑइलचा दाब दाखवतो, पातळी दाखवत नाही. वळणावर चेंबरमधले ऑइल एका बाजूला जाऊन पंपाची जाळी उघडी पडली तरी तो लुकलुकतो, आणि जाळी चुऱ्याने तुंबून पंपाला पुरेसे ऑइल मिळत नसेल तरीही. यातले कोणते घडले ते चेंबर खाली उतरवल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून उघडण्याचा क्रम असा ठेवायला सांगा. बॅटरी काढण्यापूर्वी स्कॅनर लावून सगळे दोष-कोड आणि त्यांच्याबरोबर साठलेली 'फ्रीझ फ्रेम' छापून घ्या. दिवा लागला त्या क्षणी आरपीएम, तापमान, वेग आणि इंजिनावरचा भार किती होता हे त्यात असते. ऑइल दाब कमी असल्याचा पी०५२४ हा कोड आणि इंजिन अति तापल्याचा पी०२१७ हा कोड यांतला कोणता आहे किंवा कोणताच नाही, याने अर्धा वाद मिटतो. कोड 'क्लिअर' केल्यावर ही माहिती जाते आणि ती क्लिअर करण्याची वर्कशॉपमध्ये फार घाई असते. मग ऑइल काढताना ते मोजून घ्या, जॉबकार्डवर लिटरमध्ये लिहून घ्या, आणि मधल्या धारेतले सुमारे १०० मिली स्वच्छ कोरड्या बाटलीत भरून दोघांच्या सहीचे लेबल लावा. ऑइल फिल्टर फेकू देऊ नका. तो कापून उघडल्यावर घड्यांत अडकलेला धातूचा चुरा दिसतो आणि त्याचा फोटो एखाद्या लांबलचक अहवालापेक्षा अधिक बोलतो.

प्रयोगशाळेच्या ऑइल अहवालात मी काय पाहतो तेही सांगतो. तांबे, शिसे, कथील किंवा ॲल्युमिनियम वाढलेले असेल तर बेअरिंगचा थर झिजला आहे. सिलिकॉन जास्त असेल तर एअर फिल्टरमधून धूळ गेली आहे, आणि मग कंपनीचा मालकाच्या हयगयीचा मुद्दा बळकट होतो; खाणीच्या किंवा चिऱ्याच्या डंपरच्या वाटेवर रोज चालणाऱ्या गाड्यांत हे मी पाहिले आहे, तेव्हा स्वतःची बाजू तपासून मगच पुढे जा. सोडियम आणि पोटॅशियम एकत्र वाढले तर सहसा कूलंट शिरलेले असते. नुसते सोडियम वाढलेले दिसले तर खाडीच्या उधाणाचे पाणी गाडीत शिरले होते का, हाही प्रश्न आपल्या किनाऱ्यावर विचारावा लागतो. ऑइलमध्ये पेट्रोल मिसळून ते पातळ झाले आहे का, हे वेगळे पाहायचे. वाडी ते बाजारपेठ अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांत ते होते.

चेंबर उतरल्यावर बेअरिंगच्या प्रत्येक अर्धवर्तुळाकार पत्र्यावर सिलिंडरचा क्रमांक मार्करने लिहून त्याचा फोटो घ्यायचा. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट असते आणि त्या फटीतल्या ऑइलच्या पापुद्र्यावर सगळा भार तोललेला असतो. इंजिन खरोखर ऑइलविना चालले असेल तर नुकसान सगळीकडे दिसते: सगळी बेअरिंगे कमी-अधिक ओरबाडलेली, क्रँकचे गोळे, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग, निळसर पडलेले, वर कॅमशाफ्ट आणि त्याच्या बैठका खरवडलेल्या. याउलट एकच बिग-एंड बेअरिंग (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) वितळून फिरले आहे, शेजारची तीन जवळजवळ नव्यासारखी आहेत, कॅम चकचकीत आहे, आतमध्ये काळा चिकटा नाही, आणि खराब पत्र्याच्या मऊ थरात बारीक पोलादी कण रुतलेले दिसतात, असे चित्र असेल तर 'मालकाने ऑइल पाहिले नाही' हे स्पष्टीकरण त्याला लागू पडत नाही. त्या वेळी ऑइलचे छिद्र, पंप आणि क्रँकचे मोजमाप यांकडे वळावे लागते. क्रँकच्या प्रत्येक गोळ्याचा व्यास दोन दिशांनी मायक्रोमीटरने मोजून घ्या. हे काम कोणत्याही चांगल्या लेथवाल्याकडे होते.

कोकणात कंपनीचा दुसरा आवडता युक्तिवाद पाण्याचा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर पाण्यात बुडालेली इंजिने मी भरपूर पाहिली आणि त्यांची खूण वेगळी असते. एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले की ते दाबले जात नाही आणि रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडचा पिस्टन पूर्ण उंचीपर्यंत येत नाही, म्हणून सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या वरच्या कडेला काजळीचा पट्टा रुंद किंवा दुहेरी झालेला दिसतो. थोडासा वाकलेला रॉड काही आठवडे चालून नंतर तुटतो, हेही खरे आहे, त्यामुळे गाडी जूनमध्ये पाण्यातून गेली आणि इंजिन ऑगस्टमध्ये गेले असे घडू शकते. आपल्या बाबतीत तसे नसेल तर सगळे रॉड सरळ आहेत, हे मोजून नोंदवून घ्या.

याच ठिकाणी एका सल्ल्यापासून सावध करतो, आणि तो बहुतेक वेळा मित्रत्वानेच दिलेला असतो. 'साहेब, इंजिन प्रोटेक्ट आहे ना, मग पाण्यातून गेली असे लिहा, इन्शुरन्समध्ये टाकू.' ते विम्याचे कलम पाणी शिरून किंवा ऑइल गळून झालेल्या नुकसानीसाठी असते, बनावटीच्या दोषासाठी नसते. खोटा दावा म्हणून तो पकडला जाईल हा एक भाग. पण त्याहून मोठा तोटा असा की आपल्याच सहीचा 'गाडी पाण्यातून गेली' हा कागद पुढे कंपनीच्या वकिलांच्या हाती लागतो आणि ग्राहक आयोगापुढेही व मंत्रालयापुढेही आपली बाजू तिथेच संपते.

घाटांबद्दल एवढेच की आंबोली, फोंडा, करूळ, आंबा हे सार्वजनिक रस्ते आहेत आणि गाडी त्यांवर चालण्यासाठीच विकलेली आहे. 'घाटात इंजिनावर ताण येतो' हे ऐकून घ्यायचे कारण नाही. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा मुद्दा मात्र हाताशी पुरावा नसेल तर तक्रारीत घुसवू नका. सध्या प्रत्येक बिघाडाचे खापर त्याच्यावर फोडले जाते, आणि बेअरिंग फिरल्याच्या तक्रारीत ते आले की मूळ मुद्दा पातळ होतो.

आता इतर मालकांकडे वळू. पाच इंजिने गेली, ही माहिती तेवढ्यावर पुरावा होत नाही. साधी तक्तेवजा वही करा आणि प्रत्येक गाडीसाठी आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष, चासी व इंजिन क्रमांक, बिघाडाच्या वेळचे किलोमीटर, आधी जाणवलेली लक्षणे, शेवटची ऑइल बदली कधी, कोणत्या श्रेणीचे किती लिटर, सर्व्हिस कुठे केली, आणि उघडल्यावर कोणत्या क्रमांकाचे बेअरिंग गेलेले सापडले, हे भरा. उत्पादनाच्या महिन्यावर मी भर देतो त्याचे कारण आहे. रिकॉल सहसा सरसकट मॉडेलचा होत नाही, तो ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांचा होतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने मोटर जनरेटर युनिटसाठी स्वतःहून बोलावलेल्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळातल्या होत्या. आपल्या पाच गाड्या लागोपाठच्या चार-पाच महिन्यांतल्या निघाल्या तर ते फार बोलके ठरेल. पाच वेगळ्या वर्षांतल्या निघाल्या तर दोष एखाद्या बॅचचा नसून रचनेचा आहे, किंवा मुळात समान दोषच नाही, या दोन्ही शक्यता उघड्या ठेवाव्या लागतील.

या वहीत ज्यांची इंजिने ठीक चालली आहेत अशा त्याच मॉडेलच्या मालकांचीही नोंद करा. हे कोणी करत नाही, कारण लढा उभारताना ते उलटे वाटते. पण लाखभर किलोमीटर झालेली, बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिस होणारी, वेगळ्या महिन्यात बनलेली गाडी बिनतक्रार चालते आहे, ही नोंद 'बाहेर सर्व्हिस केली म्हणून गेले' या कंपनीच्या म्हणण्याला थेट उत्तर देते. आणि आकडा फुगवू नका. हेड गॅसकेट गेलेली किंवा रेडिएटर फुटून तापलेली गाडी यादीत घातली, तर कंपनी नेमकी तीच उचलून सगळी यादी खोटी ठरवेल. आपल्या पाचांपैकी राजापूरच्या गाडीचे इंजिन आधीच बदलले गेले असेल, तर तिचे जुने भाग, फोटो किंवा निदान जॉबकार्ड मिळते का ते पाहा. वॉरंटीत बदललेले भाग कंपनी परत नेते, म्हणून बाकीच्यांनी ते जपून ठेवण्याची मागणी आजच लेखी करावी. सर्व्हिसच्या जुन्या बिलांवर एखादा 'कॅम्पेन' असा शेरा किंवा न मागता मोफत केलेली सॉफ्टवेअर अपडेट दिसते का, तेही तपासा. कंपनीला दोषाची कल्पना आधीपासून असल्याचा धागा पुष्कळदा तिथे सापडतो.

पैशांची वाट ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणून कुडाळच्या मालकांना ओरोसचा जिल्हा आयोग आणि राजापूरच्या मालकांना रत्नागिरीचा; कंपनीच्या मागे गुरुग्राम किंवा चेन्नईला जावे लागत नाही. गाडीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो, आणि १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. समान हित असलेल्या अनेकांच्या वतीने कलम ३५(१)(क) खाली परवानगी घेऊन एक तक्रार करता येते, पण त्यात 'समान हित' सिद्ध करण्यातच बराच काळ जातो. पाच जणांसाठी माझा कल स्वतंत्र तक्रारी करून त्यात एकमेकांचे तांत्रिक अहवाल जोडण्याकडे आहे. मालवणची गाडी पर्यटकांसाठी टॅक्सी म्हणून चालत असेल, तर ती मालकाने स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतली आहे हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, नाहीतर 'व्यावसायिक वापर' या आक्षेपावर तक्रार अडेल.

बनावटीचा दोष सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज तक्रारीबरोबरच द्या आणि पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेचे किंवा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाव स्वतःहून सुचवा. मागणीही बेताची ठेवा. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गाबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण गाडी बदलण्याऐवजी सदोष भाग बदलण्यावर भर दिला होता. साडेपाच वर्षे वापरलेल्या गाडीची पूर्ण किंमत मागण्यापेक्षा इंजिन, टोइंग, गाडी बंद राहिल्याचे नुकसान आणि नव्या इंजिनावर वॉरंटी मागितलेली अधिक टिकते. याशिवाय ग्राहकांच्या मोठ्या वर्गाला बाधणारी बाब म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे, आणि धोकादायक वस्तू परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार या प्राधिकरणालाही आहे. ही वाट फार कमी लोक वापरतात.

गाडी दुरुस्त करावी की तशीच ठेवावी, हा आपला प्रश्न राहिला. वर सांगितल्याप्रमाणे पंचनामा, फोटो, मोजमापे आणि ऑइलचा नमुना झाल्यावर दुरुस्ती करायला हरकत नाही. मात्र जुना क्रँक, रॉड, सगळी बेअरिंगे, ऑइल पंप आणि फिल्टर यांना ऑइल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरी आणा. आपल्या खाऱ्या हवेत उघडा क्रँक आठवड्याभरात गंजतो आणि मग त्यावरच्या ओरखड्यांचा अर्थ लावता येत नाही. कंपनी 'गुडविल' म्हणून निम्मे पैसे देऊ करील. गरज असेल तर घ्या, पण 'पूर्ण व अंतिम समाधान झाले' असे छापलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यावर 'माझे सर्व कायदेशीर हक्क अबाधित ठेवून' हे हाताने लिहा. ते लिहू देत नसतील तर पैसेही घेऊ नका, आणि त्यांनी लिहू दिले नाही हे त्याच दिवशी ईमेलने कळवा.

ज्यांची याच मॉडेलची गाडी अजून चालती आहे त्यांनी दर हजार किलोमीटरला, इंजिन थंड आणि गाडी सपाटीवर असताना, ऑइलची पट्टी पाहून तारीख आणि किलोमीटरसह तिचा फोटो काढून ठेवावा. मधल्या काळात ऑइल घातले तर त्याचे बिल ठेवावे. दोन हजार आरपीएमच्या आसपास पेडल सोडताना खालून ठोकल्यासारखा आवाज आला, किंवा घाटाच्या वळणावर दिवा क्षणभर जरी लागला, तरी पुढच्या गावापर्यंत नेऊ म्हणून गाडी ओढू नये. जागा मिळेल तिथे थांबून, इंजिन बंद करून, टोइंगच बोलवावे आणि दिवा लागल्याची वेळ व ठिकाण तिथेच लिहून ठेवावे.